क्वांटम की फुटत नाही म्हणतात, मग २०१० ला काय झालं?

रत्नांग्रीकर:
एमएस्सीच्या सेमिनारला क्वांटम की डिस्ट्रिब्युशन (एकेक फोटॉन पाठवून दोघांत गुप्त की बनवायची पद्धत) घेतलंय. सगळीकडे लिहिलंय की मधे कोणी फोटॉन मोजला तर एरर वाढतात आणि चोर सापडतो. आणि २०१० ला नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी बाजारातल्या सिस्टीम फोडल्या म्हणे. दोन्ही खरं कसं? सर विचारणारच.

चिपळूणचा_दादा:
प्रूफ बीबी८४ चं, म्हणजे कागदावरच्या प्रोटोकॉलचं आहे रे, समोरच्या डब्याचं नाही. डब्यातल्या फोटोडायोडवर (फोटॉन मोजणारा डिटेक्टर) सतत प्रखर लेसर मारला की त्याला एकटा फोटॉन दिसेनासा होतो, ठराविक पॉवरच्या वरचा पल्स आला तरच क्लिक देतो. मग चोर स्वतः मोजतो आणि जे आलं तेच पल्समधून पुढे ढकलतो, पॉवर अशी बेतून की रिसीव्हरने तोच बेसिस (मोजायची पद्धत) घेतला तर क्लिक, दुसरा घेतला तर पल्स दोन डिटेक्टरांत अर्धा अर्धा वाटला जाऊन काहीच वाजत नाही. चुकीचं बिट येतच नाही, त्यामुळे एरर रेट जिथल्या तिथे. एरर ११ टक्क्यांवर गेले तर की टाकून द्यायची, ती मर्यादा बघत बस तू! २०११ ला सिंगापूरला २९० मीटर फायबरवर अख्खी की अशीच चोरून दाखवली.

मालवणी_माणूस:
मगे त्या डिटेक्टरार नजर ठेवूक येणा नाय काय?

चिपळूणचा_दादा:
ठेवतात ना, करंट बघतात, पण ती ठिगळं. खरा उपाय २०१२ चा एमडीआय (मोजणाऱ्या यंत्रावर भरवसा न ठेवणारी पद्धत), दोघं फक्त पाठवणार, मोजणारा मधे, तो चोराचा असला तरी चालतो. पाठवणारा डबा मात्र सांभाळावाच लागतो. लेसरच्या पल्समधे कधी दोन फोटॉन जातात आणि एक चोर ठेवून घेतो, त्यावर डिकॉय (मधेच वेगळ्या तीव्रतेचे फसवे पल्स). बाहेरून लाइट आत मारून सेटिंग वाचतात, त्यावर आयसोलेटर (लाइट एकाच दिशेने जाऊ देणारा).

सावंतवाडी_नेटवर्क:
हे लॅबचं झालं. फायबरमधे किलोमीटरला ०.२ डीबी जातात, म्हणजे १०० किमीला शंभरातला एक फोटॉन उरतो, आणि क्वांटम सिग्नलला साधा अ‍ॅम्प्लिफायर लावता येत नाही. रत्नागिरी ते मुंबई न्यायचं तर चिपळूण, माणगाव असे ट्रस्टेड नोड (की घेऊन पुढे पाठवणारी भरवशाची ठाणी) आलेच आणि प्रत्येक नोडवर की उघडी. बीजिंग-शांघायच्या २००० किमीला असे ३२ नोड आहेत. मी चोर असतो तर लेसर कशाला घेतोय, त्या खोलीचा वॉचमन गाठला असता. शिवाय दोघं ज्यावर बेसिस जुळवतात त्या साध्या चॅनेलला ऑथेंटिकेशन (समोरचा खरा तोच आहे याची खात्री) लागतंच, नाहीतर मधे बसून दोघांशी वेगवेगळी की करता येते. आपल्यासारख्यांना २०२४ ची अमेरिकेच्या निस्टची पोस्ट-क्वांटम स्टँडर्ड (क्वांटम कॉम्प्युटरलाही फुटू नये असं गणिती एन्क्रिप्शन) बरी, आहे त्या फायबरवर चालतात.

रत्नांग्रीकर:
भारी. म्हणजे एमडीआय लावलं तरी माणगावची खोली तशीच उघडी?

सावंतवाडी_नेटवर्क:
हो. त्याने मोजणारा सुटतो, की साठवणारा नाही.