उंबळीला 'फळ' म्हणायचं की नाही?

सांजवेळ: खंडाळ्याच्या रानातल्या वनस्पतींवरच्या माहितीपत्रिकेचं मराठी करतेय. त्यात एक महावेल आहे, नीटम उला. पानं रुंद, चकचकीत, जाळीदार शिरांची, खोडाला पेरापेरावर गाठी. मी लिहिलं, 'फळं पिकली की शेंदरी होतात.' तपासणाऱ्यांनी लाल शाईत शेरा मारला: 'अनावृत्तबीजी. फळ नसते!' आई लोणावळ्याकडची. ती या वेलीला उंबळी म्हणते आणि 'उंबळीची फळं' असंच बोलते. मग लिहू काय?

कोथरूडकर: शेरा बरोबर आहे. फळ अंडाशयापासून तयार होतं आणि उघड्या बियांच्या या गटाला अंडाशयच नसतं. तुम्ही बघताय ते शेंदरी आवरण बीचंच आहे. मात्र शेऱ्यातलं शुद्धलेखन चुकलंय! आवृत म्हणजे झाकलेलं. आवृत्त म्हणजे फिरून आलेलं, त्यावरून आवृत्ती. 'अनावृत पत्र' लिहिताना आपण एकच त लिहितो ना?

पानगळ: त्यापेक्षा विश्वकोशातला 'प्रकटबीज' घ्या. ऐकताक्षणी कळतो, द्वित्ताची भानगडही नाही.

जुनीवही: मी अकरावीच्या जर्नलमध्ये 'नग्नबीज' लिहिलं होतं. बाईंनी खोडलं, पण इंग्रजी 'जिम्नोस्पर्म'मधला ग्रीक 'जिम्नोस' म्हणजे उघडा, नागडाच. जिमखान्यातला जिमही तोच. डेक्कनवरून जाताना दर वेळी आठवतं.

कोथरूडकर: जिमखान्याचं मूळ 'गेंदखाना'. त्याचं पुढचं टोक जिम्नॅस्टिक्समुळे बदललं असं मानतात. म्हणजे तुमचा जिम तिथे नंतर आला.

फणसआठळी: मूळ प्रश्नाकडे येते. काजूचं बोंड म्हणजे फुगलेला देठ, खरं फळ ती खालची बी. अंजीर म्हणजे आत वळलेला फुलोरा. मंडईत यांना कुणी फळ म्हणायचं थांबलंय का? फराळ हा शब्द फलाहारावरून आला आणि उपासाच्या ताटात साबुदाण्याची खिचडी असते. मराठीत 'फळ' पहिल्यापासून ऐसपैस आहे. वनस्पतिशास्त्राने तो अलीकडे उसना घेतलाय, मालकी सांगू नये.

पानगळ: ताई, बोलताना चालेल. माहितीपत्रिका मुलं वाचणार. नीटमची पानं आंब्या-फणसासारखी दिसतात, तरी ती सायकस आणि पाइनच्या गटातली. हीच तर या वेलीची गंमत! तिथेच 'फळ' लिहिलंत तर उरलं काय?

मुळशीकर: आमच्याकडे कुंबळ म्हणतात. उंबळी कधी ऐकलं नाही.

सांजवेळ: दोन्ही नावं नोंदलेली आहेत. शास्त्रीय नावातला 'उला' हा मल्याळी शब्द, सतराव्या शतकातल्या 'होर्टुस मलाबारिकुस' या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात आलेला. नीटमसुद्धा इंडोनेशियातल्या मोलुका बेटांवरच्या 'ग्नेमोन'वरून. म्हणजे लॅटिन म्हणून आपण मान देतो ते दोन्ही शब्द बोलीतलेच.

मुळशीकर: उला, उंबळी… एकाच मुळातले असतील. माझा अंदाज.

कोथरूडकर: ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

फणसआठळी: इंडोनेशियात याच कुळातल्या झाडाच्या बिया भाजून, सोलून, ठेचून चपट्या करतात आणि पापडासारख्या तळतात. नाव एम्पिंग. तिथेही हा वाद होत असेल.

सांजवेळ: पत्रिका उद्या द्यायचीय. आत्ताच आईला फोन केला. सोलल्यावर आत काय निघतं? म्हणाली, बी. वरचं? साल. आणि अख्खं? 'अगं, उंबळीचं फळ.'

मुळशीकर: साल नव्हे. आमच्याकडे त्याला टरफल म्हणतात.

कोथरूडकर: टरफल वाळलेलं असतं. भुईमुगाचं.