विचर: मालिका, पुस्तकं की गेम? कुठून सुरू करू?

चहाबाज

नमस्कार मंडळी. भाच्याच्या नादाने 'द विचर' (पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्या गेराल्टची मालिका) हिचा पहिला सीझन शनिवार-रविवारात उरकला. आठच भाग, म्हटलं होऊन जाईल. गेराल्ट आवडला, त्याचं ते दर दोन मिनिटांनी 'हम्म' करणंही आवडलं. पण कोण, कधी, कुठे आहे हे निम्मा वेळ कळतच नव्हतं. पहिल्या भागात डोळ्यांदेखत गेलेली राणी चौथ्या भागात मेजवानीला बसलेली! चुकून दुसरंच काही लागलं की काय म्हणून मी मागे जाऊन पाहिलं.

भाचा म्हणतो, "मावशी, मालिका सोड, गेम खेळ." ऑफिसातला एक जण म्हणतो पुस्तकंच वाच. तर पुढचे सीझन बघावेत का? पुस्तकं कुठल्या क्रमाने घ्यावीत? आणि जुन्या नोकियावरच्या सापापलीकडे मजल न गेलेल्या बाईला हा गेम झेपेल का? आणि त्या राजकन्येचं, सिरीचं, पुढे काय होतं ते कृपया कुणी फोडू नका.

रातकिडा

गोंधळात तुमची चूक नाही. त्या सीझनमध्ये तीन काळ एकात एक विणलेत आणि पडद्यावर साल कुठेच येत नाही. जादूगारीण येनेफरची गोष्ट कित्येक दशकं आधी सुरू होते, गेराल्टची मधे कुठेतरी, आणि सिरीची धावपळ जेमतेम काही दिवसांची. तिन्ही धागे शेवटी शेवटी जुळतात. खुणा पेरल्यात, पण ओझरत्या. पहिल्याच भागात तुमच्या त्या राणीने, कॅलँथीने, नुकतीच पहिली लढाई जिंकल्याचा उल्लेख येतो आणि त्याच भागात ती मरते. तिसऱ्या भागात फोल्टेस्ट राजा गेराल्टसमोर चांगला बाप्या म्हणून उभा असतो, आणि येनेफरच्या कथेतल्या समारंभात पोरगेला दिसतो.

दुसऱ्या सीझनपासून (डिसेंबर २०२१) गोष्ट बरीचशी सरळ रेषेत चालते. त्याचा पहिला भाग नक्की बघा. शापित घरमालक आणि त्याचा वाडा, तासाभरात संपणारी भयकथा. माझ्या मते अख्ख्या मालिकेत तोच सर्वांत नेटका भाग.

पानगळ

ताई, मी पुस्तकवाली, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा.

आंद्रे सापकोव्हस्कीची पहिली विचर-कथा १९८६ मध्ये एका पोलिश मासिकात आली. म्हणजे हे मुळात कथांचं जग आहे, कादंबऱ्या नंतरच्या. आधी 'द लास्ट विश', मग 'सोर्ड ऑफ डेस्टिनी' हे दोन कथासंग्रह. त्यानंतर 'ब्लड ऑफ एल्व्ज'पासून पाच कादंबऱ्या, पोलिशमध्ये १९९४ ते १९९९. 'सीझन ऑफ स्टॉर्म्स' (२०१३) सगळ्यात शेवटी वाचा, नाही वाचलं तरी अडत नाही.

गोची अशी की इंग्रजीत 'ब्लड ऑफ एल्व्ज' २००८ मध्ये आलं आणि दुसरा कथासंग्रह थेट २०१५ मध्ये. पहिली कादंबरी म्हणून लोक 'ब्लड ऑफ एल्व्ज'च उचलतात आणि पन्नास पानांत विचारतात, ही मुलगी या माणसाला एवढी का बिलगते? कारण त्यांनी दुसऱ्या संग्रहातली ब्रोकिलॉनची कथा वाचलेलीच नसते.

ब्रोकिलॉनचं जंगल तुम्ही मालिकेत पाहिलंत, पण सिरी तिथे गेराल्टशिवाय जाते. पुस्तकात ती दोघं तिथेच पहिल्यांदा भेटतात. ठरवलेला नवरामुलगा पसंत नाही म्हणून पळालेली, शेंबडी, आगाऊ पोर. गेराल्ट तिला एका भल्यामोठ्या गोमसदृश जनावरापासून वाचवतो, आणि मग ती गोष्ट सांग म्हणून त्याच्या मागे लागते. राक्षस मारणं हा याचा धंदा, गोष्टी कुठून येणार? तरी बिचारा मांजर आणि कोल्ह्याची सांगायला घेतो, आणि ही बया वाक्यावाक्याला टोकते. आपल्या घरातली झोपायच्या वेळची कटकट जशीच्या तशी. त्या दोन-चार पानांत जे नातं जमतं त्यावर पुढच्या पाच कादंबऱ्या उभ्या आहेत. मालिकेने ही भेट वगळून दोघांना थेट सीझनच्या शेवटी एकमेकांच्या मिठीत ढकललं. राग आहे तो यावर, बाकी बदल मी चालवून घेते.

अवांतर: पुस्तकात डँडेलियन भेटला तर बावचळू नका, तो तुमचा यास्किएरच, गेराल्टचा गाणारा दोस्त. मूळ पोलिश नाव एका पिवळ्या फुलाचं, इंग्रजी अनुवादात फूल बदललं, मालिकेने मूळ नाव ठेवलं.

खादाड_बोका

भाच्याला सांगा, गेम उत्तमच आहे, पण मावशीला आत्ता देऊ नकोस. तिन्ही गेम (२००७, २०११, २०१५) कादंबऱ्या संपल्यानंतरच्या काळात घडतात. तिसऱ्यात तर सिरी मोठी झालेली आहे आणि मागचं सगळं बोलण्याबोलण्यातून बाहेर येतं. जे फोडू नका म्हणताय ते गेम स्वतःच फोडेल.

झेपेल का म्हणाल तर झेपेल. काठिण्यात सगळ्यात खाली 'फक्त गोष्ट' असा पर्याय आहे, तो निवडा. मुख्य कथेलाच ५० तासांच्या आसपास लागतात, घाई करू नका. सुरुवातीच्या गावात एक आजीबाई भेटते. तिने उसना दिलेला तवा बंद झोपडीत अडकलाय, तो आणून द्यायचा. जगातला नामांकित राक्षसमाऱ्या मंत्राने दार फोडून आत शिरतो, आणि तवा बघतो तर घासूनपुसून लख्ख! मी हे काम जगबुडीच्या कामांआधी करतो, दर वेळी.

भाचा किती वर्षांचा आहे? गेम आणि मालिका दोन्ही अठराच्या वरच्यांसाठी आहेत, म्हणून विचारलं.

चहाबाज

वीस वर्षांचा घोडा आहे, काळजी नसावी. तव्यासाठी तरी खेळेन म्हणते. पानगळ, ते गेराल्ट-सिरीचं 'नशिबाचं मूल' प्रकरण मला नीट कळलं नाही. नियम काय आहे नेमका?

पानगळ

आटपाट नगराच्या गोष्टींतला सौदा आठवा. जीव वाचवणारा म्हणतो, "घरी पोचल्यावर तुझं असूनही तुला ठाऊक नसलेलं जे असेल, ते मला दे." माणसाला वाटतं कुत्रीने पिल्लं घातली असतील. घरी बायको गरोदर. बस, एवढंच. सापकोव्हस्कीचं वैशिष्ट्य हे की त्याचा नायक असं मूल मागून बसतो आणि मग वर्षानुवर्षं ते न्यायला जातच नाही.

काडीपेटी

सगळे पुस्तकांचीच आरती ओवाळताय म्हणून माझी एक काडी. पहिला सीझन मला पुस्तकाहून जास्त आवडला. येनेफरचं कुबड, तिला घरच्यांनी कवडीमोलाने विकणं, हे पुस्तकात दोन-चार वाक्यांत उरकलंय. मालिकेत ते अंगावर येतं, आणि श्रेय येनेफर झालेल्या अन्या चलोत्राचं. (हो, वडील भारतीय वंशाचे, म्हणून आपल्याकडे तिचं कौतुक जरा जास्तच.)

पुढे मात्र घसरगुंडी. गेराल्ट झालेला हेन्री कॅव्हिल हा पुस्तकं वाचलेला, गेम खेळलेला माणूस. तिसऱ्या सीझननंतर (२०२३) तो बाहेर पडला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या चौथ्यात लियम हेम्सवर्थ गेराल्ट झाला. हेम्सवर्थ वाईट नाही, पण तीन सीझन एका चेहऱ्याची सवय झाल्यावर दुसरा पचवणं जड जातं. पाचवा शेवटचा.

जाता जाता: सापकोव्हस्कीने गेमचे हक्क एकरकमी विकले होते. गेम चालणार नाही असं त्याला वाटलं. २०१८ मध्ये त्याने गेम कंपनीकडे सहा कोटी झ्लोटींची (पोलिश चलन) मागणी केली आणि २०१९ च्या डिसेंबरात नवा करार झाला. त्याच महिन्यात मालिकाही आली. म्हाताऱ्याचं नशीब फळफळलं ते असं!

रातकिडा

काडीपेटीशी चक्क सहमत! २०२२ ची 'ब्लड ओरिजिन' ही याच जगातली जोडमालिका तेवढी टाळा. चारच भाग आहेत, तरी लांबलेत.

चहाबाज

सर्वांचे आभार. ठरलं मग: दोन कथासंग्रह, मग दुसरा सीझन, मग कादंबऱ्या, आणि सगळ्यात शेवटी तवा. 'द लास्ट विश' परवाच मागवलं होतं. आज पार्सल फोडलं तर दुकानदाराने 'ब्लड ऑफ एल्व्ज' पाठवलंय. मुखपृष्ठ मात्र झकास आहे. पहिली दहा पानं वाचली तर चालेल ना?

पानगळ

नाही! मिटा ते. आधी बदलून घ्या.