मित्राचा गेम कोणाला दिसतच नाही, काय करावं?

लातूरकर_गेमर: माझ्या मित्रानं अडीच वर्षं खपून कोड्यांचा गेम बनवला, दुष्काळात आड खोदणाऱ्या पोरीचा, आन् खरंच लई भारी झालाय. स्टीमवर (कॉम्प्युटरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) टाकून तीन महिने झाले, रिव्ह्यू फक्त चार. आपण खेळणाऱ्यांनी मदत करायची म्हणलं तर नेमकं काय करावं?

नांदेडचा_पोरगा: रिव्ह्यू लिहा बाबांनो! १० झाल्याशिवाय स्टीम स्कोरच (किती जणांना आवडला ते) दाखवत नाही, आन् फुकट वाटलेल्या कीवरचे (की म्हणजे गेम मिळवायचा कोड) रिव्ह्यू त्या स्कोरमध्ये मोजत नाहीत, म्हणून स्वतः विकत घेऊन, नीट खेळून, जे वाटलं ते खरं लिहायचं, "मस्त" एवढंच लिहून सोडू नका, कोडी कशी आहेत, मराठी भाषा आहे का ते सांगा.

बीडवाली: विशलिस्ट (पुढं घ्यायच्या गेमची यादी) पण करायला लावा. २० टक्के किंवा जास्त सूट लागली की विशलिस्टवाल्यांना मेल जातो. नेक्स्ट फेस्ट (स्टीमवरचा डेमोंचा मेळा) आता हुकला, तिथं अजून विक्रीला न आलेले गेमच घेतात, पुढच्या गेमला डेमो घेऊन नक्की उतरा म्हणावं. इच डॉट आयओवर (गेम टाकायची दुसरी साइट) डेमो टाका, तिथं टाकायला पैसे लागत नाहीत (स्टीमवर १०० डॉलर भरावे लागतात). पुण्यातल्या टीमचा 'राजी' हा गेम २०२० ला आला, आपल्याकडचे गेम जगात खेळतात की!

लातूरकर_गेमर: उद्याच कॉलेजच्या ग्रुपवर टाकतो. टॅग (गेमचा प्रकार सांगणारे शब्द) पण तपासायला मित्राला सांगतो, त्यानं नुसतं 'इंडी' (छोट्या टीमचा गेम) टाकलंय, 'पझल' टाकलंच नाही.

नांदेडचा_पोरगा: मग आधी तेच कर, आन् लिंक दे, आज रात्रीच घेतो.