बाहेरून कुलूप, आत कामगार: शिलाई युनिटमधील आगीची जोखीम कशी मोजावी?

शिलाईयुनिट_पुणे (प्रश्न)
पुण्यात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचे शिलाईचे युनिट असून त्यात बावीस मशिने, चार इस्त्रीची टेबले आणि एक कटिंग टेबल आहे. परवानाधारक एजन्सीने आग विझवण्याचे सिलिंडर तपासून बी फॉर्म दिलेला आहे. तरीही एका मोठ्या ग्राहकाने आता आगीच्या जोखमीचे लेखी मूल्यमापन मागितले आहे. बी फॉर्म असताना हे वेगळे काय करायचे? दुसरी अडचण अशी, की परगावचे पाच कारागीर रात्री युनिटमध्येच झोपतात आणि चोरीच्या भीतीने शटरला बाहेरून कुलूप असते. याची नोंद करावी की करू नये?

निवृत्त_अग्निशामक
महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारी आणि जुलैमध्ये जो दाखला सादर करायचा असतो, तो हा बी फॉर्म. बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत आहे, एवढेच तो सांगतो. आग कुठे लागू शकेल, धूर कोणत्या वाटेने चढेल आणि त्या वेळी आत कोण असेल, हे तुमचे तुम्हालाच फिरून पाहावे लागेल.

कुलपाची नोंद करायची की नाही, हा प्रश्नच चुकीचा आहे. बाहेरून कुलूप लावणेच आज रात्रीपासून थांबवा. ३० डिसेंबर २०१६ रोजी कोंढव्यातील एका बेकरीत आत झोपलेले सहा कामगार आणि ९ मे २०१९ रोजी उरुळी देवाची येथील एका साड्यांच्या दुकानात पाच कामगार आगीत मृत्युमुखी पडले. दोन्ही ठिकाणी दार बाहेरून बंद होते.

त्यानंतर जिना पाहा. जुन्या इमारतींत विजेचे मीटर बहुधा जिन्याखालीच असतात आणि त्यांना खेटून दुचाक्या लावलेल्या असतात. तिथे ठिणगी पडली तर जिना धुराड्यासारखा काम करतो आणि तुमच्या मजल्यावर काहीही पेटलेले नसताना तुमची एकमेव वाट बंद होते. माझ्या मते तुमच्या कागदावरील पहिली ओळ हीच असावी, मग ती जागा सोसायटीची असली तरी. युनिटमध्ये कटिंगची कात्रणे रोज संध्याकाळी बाहेर गेली पाहिजेत, मशिनच्या मोटरींवर साचलेले तंतू झाडले पाहिजेत आणि इस्त्र्यांची मुख्य कळ बंद करण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे असले पाहिजे, कारण सर्वांचे काम असले की ते कोणीच करत नाही.

वायरमन_काका
एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर दोन इस्त्र्या चालत असतील तर ते आधी थांबवून प्रत्येक टेबलाला स्वतंत्र लाइन घ्या. एमसीबी (जादा भार आला की वीज आपोआप तोडणारा स्विच) वारंवार पडतो म्हणून कोणी मोठ्या क्षमतेचा बसवून दिला असेल, तर तो नक्की बदला; वायर तीच राहते आणि एमसीबी पडण्याआधी तीच तापते.

शिलाईयुनिट_पुणे
मनःपूर्वक आभार. कुलूप आतून लावून किल्ली दाराशेजारी काचेच्या पेटीत ठेवली तर चालेल का?

निवृत्त_अग्निशामक
अंधारात, खोकत, गुडघ्यांवर रांगत आलेल्या माणसाकडून पेटी फोडून किल्ली कुलपात घालण्याची अपेक्षा धरू नका. किल्लीशिवाय आतून एका हाताने उघडणारी कडी असलेले दार बसवा आणि चोरीसाठी त्याला घंटी जोडा. सिलिंडरच्या भरवशावरही राहू नका. सहा किलोची पावडर अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. खरा उपाय मात्र कारागिरांची झोपण्याची सोय दुसरीकडे करणे हाच आहे, आणि त्याचे भाडे मूल्यमापनाच्या खर्चातच धरा.

शिलाईयुनिट_पुणे
काल रात्री दिवे घालवून पाचही जणांना बाहेर पडून दाखवायला सांगितले. तिघे सरळ जिन्याकडे गेले, एक जण तयार मालाच्या गठ्ठ्यांना अडखळून पडला आणि पाचवा सवयीने मागच्या खिडकीकडे गेला, जिला आम्ही गेल्या वर्षी जाळी बसवली आहे. गठ्ठे आज हलवले. जाळीला आतून उघडणारी झडप करून घेत आहोत. पुढच्या महिन्यापासून पाचही जणांसाठी जवळच खोली पाहिली आहे; तोपर्यंत दाराला कुलूप नाही.