घरी पहिल्यांदाच हार्ड चीज (गौडा) करतेय, दूध जमलंच नाही, काय चुकलं असेल?

रामबागची_सून, इंदूर

नमस्कार मंडळी. पनीर, चक्का, खवा हे आमच्याकडे नेहमीचंच, पण हार्ड चीज पहिल्यांदाच करायला घेतलं. मुलगी नेदरलँड्सला शिकतेय, ती येताना गौडाचा एक छोटा गोल गोळा घेऊन आली आणि सासऱ्यांना (वय 81) तो इतका आवडला की रोज रात्री जेवण झालं की एक फोड मागायचे. तो संपला. आता दिवाळीपर्यंत तसंच काहीतरी घरी करून त्यांना द्यायचं मनात आहे.

परवा केलं. गवळ्याकडचं म्हशीचं 6 लीटर दूध, छान उकळी आणली, मग 32 डिग्रीपर्यंत गार केलं (थर्मामीटर आणलाय), ऑनलाइन मागवलेलं मेसोफिलिक कल्चर (चीजचं विरजण) घातलं, पाऊण तासाने रेनेटची (दूध जमवणाऱ्या एंझाइमची) गोळी नळाच्या पाण्यात विरघळवून घातली. सगळीकडे म्हणतात 45 मिनिटांत सुरी फिरवली की स्वच्छ चीर पडते, माझं दीड तास झाला तरी सैल दह्यासारखंच. शेवटी फडक्यात बांधून रात्रभर पाट्याखाली ठेवलं तर सकाळी भुसभुशीत, हात लावला की चुरा, आणि आंबट. सहा लीटर दूध गेलं, फार वाईट वाटलं.

दूध का जमलं नाही? म्हशीचं चालतच नाही का? आणि पुढे जमलं तरी मुरवायला 12 डिग्री कुठून आणू, इथे पावसाळ्यातही स्वयंपाकघर 28 च्या खाली जात नाही.

वाडी_बडोदे

ताई, तुम्ही दूध उकळलंत तिथेच झालं. आपल्याला पनीरची सवय ना, पनीरला उकळी हवीच, चीजला अगदी उलट. उकळल्यावर दुधातलं एक प्रोटीन केसीनच्या (दुधातल्या मुख्य प्रोटीनच्या) कणांना जाऊन चिकटतं आणि रेनेटने जिथे कापायचं तीच जागा झाकली जाते. तुमचं कल्चर नीट चाललं म्हणून आंबट झालं, रेनेट चाललं नाही म्हणून बसलं नाही, म्हणजे तुमच्या हातात चक्काच आला. फेकला नसेल तर मीठ-मिरपूड-लसूण घालून ब्रेडला लावा, छान लागतो.

म्हशीचं चालत नाही असं मात्र मुळीच नाही. आमच्या गुजरातेत सुरती पनीर म्हशीच्या दुधाचंच, आणि ते लिंबाने फाडत नाहीत, जुन्या पद्धतीत रेनेटनेच जमवतात, टोपलीत निथळवतात आणि त्याच्याच पाण्यात ठेवतात. मी चीज शिकले ती त्यावरूनच. हार्ड चीजच्या आधी एकदा 2 लीटरचं सुरती करून बघा, रेनेटने जमलेलं दूध हाताला कसं लागतं ते कळतं, ते वाचून कळत नाही.

दूधवाला_ग्वाल्हेर

वरच्या ताईंनी मुख्य कारण सांगितलंच आहे. मी 20 वर्षं डेअरीत होतो म्हणून थोडं जास्त लिहितो, लांबलं तर माफ करा.

दूध कच्चं पण वापरू नका. गवळ्याच्या दुधातून ब्रुसेला (तापाचा जंतू), टीबी येऊ शकतो, घरात 81 वर्षांचं माणूस आहे. 63 डिग्रीवर बरोबर 30 मिनिटं धरा, सतत हलवत, मग पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून पटकन 32 वर आणा. एवढ्याने जंतू मरतात आणि रेनेटचंही फार बिघडत नाही. जे थोडं बिघडतं त्यासाठी कॅल्शियम क्लोराईड, 8 लीटरला साधारण अर्धा चमचा द्रावण, रेनेटच्या आधी. टेट्रापॅकचं दूध नको, ते इतकं तापवलेलं असतं की तुमच्या उकळीसारखंच होईल.

दुसरं म्हणजे पाणी. इंदूरला नळाला नर्मदेचं पाणी ना, त्यात क्लोरीन असतो आणि क्लोरीन रेनेटला मारतो. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घ्या, आणि गोळी विरघळवली की लगेच घाला, तासभर ठेवून देऊ नका.

तिसरं, जरा नाजूक आहे पण बोलायला हवं. उन्हाळ्या-पावसाळ्यात दूध नासू नये म्हणून काही जण त्यात खायचा सोडा टाकतात. अशा दुधात रेनेट फार सुस्त चालतं. आणि जनावराला थानाच्या आजारासाठी अँटिबायोटिक चालू असेल तर कल्चरच मरतं. म्हणून आदल्या दिवशी त्याच दुधाचं वाटीभर दही लावा. नेहमीच्या वेळेत घट्ट लागलं तर पुढे जा, नाही लागलं तर गवळी बदला.

म्हशीच्या दुधात फॅट आणि कॅल्शियम दोन्ही जास्त, त्यामुळे ते भराभर आणि कडक जमतं. नुसत्या म्हशीचं गौडा थोडं कोरडं होतं आणि मुरायलाही वेळ घेतं. अर्धं गाईचं अर्धं म्हशीचं घ्या. रंग पिवळा येणार नाही, म्हशीच्या दुधात कॅरोटीन नसतं, त्याची काळजी करू नका.

आणि गौडाची खरी खुबी धुण्यात आहे. कापून 1 सेंटीमीटरचे तुकडे केले, थोडं हलवलं की एक तृतीयांश निवळ (सुटलेलं पाणी) काढायची आणि तेवढंच गरम पाणी हळूहळू घालत 38 डिग्रीपर्यंत न्यायचं, घाई केली तर वरून कातडं धरतं आणि आत ओल राहते. यामुळे दुधातली साखर धुऊन जाते आणि चीज आंबट न होता गोडसर राहतं. तुमच्या सासऱ्यांना आवडली ती चव इथूनच येते.

मालवी_माठ

मुरवण्यासाठी ओल्या वाळूत माठ ठेवून बघा, आमची आजी भाजी-लोणी तसंच ठेवायची, खूप गार राहतं.

छप्पनजवळचा

माठाचं मी स्वतः करून बघितलंय, इंदूरमध्येच, म्हणून सांगतो. पावसाळ्यात हवा दमट, माठ गारच होत नाही. मे महिन्यात हवा कोरडी तेव्हा बाहेर 41 असताना आत 23 मोजले होते. लोण्याला ठीक, चीजला 10 ते 13 पाहिजे. 23 ला तूप सुटून बुरशी धरली, दोन किलो टाकून दिलं.

मी आता जुना सिंगल डोअर फ्रीज घेतलाय आणि बाहेरून टेंपरेचर कंट्रोलर लावलाय, फ्रीजचा प्लग त्या कंट्रोलरमध्ये, सेन्सर आत, 12 वर सेट. तेवढं नको असेल तर घरच्याच फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, 6-7 डिग्रीला मुरतं पण हळू, दोन महिन्यांचं काम तीन-चार महिन्यांत होईल. दोन्हीकडे झाकणाच्या डब्यात ठेवायचं आणि डब्याच्या कोपऱ्यात ओलं फडकं, नाहीतर फ्रीजची कोरडी हवा साल तडकवते. पहिले दोन आठवडे रोज उलटा, नंतर एक दिवसाआड. वर बुरशीचे ठिपके आले तर मिठाच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा, घाबरू नका.

मेण लावणार असाल तर चीजचंच मेण घ्या, मेणबत्तीचं कडक असतं, उलटताना चिरा पडतात आणि त्या चिरेतून बुरशी आत जाते.

दूधवाला_ग्वाल्हेर

छान लिहिलंत. एक जोडतो. पहिल्या एक-दोन दिवसांतच गोळा फुगला, दाबला तर स्पंजसारखा आणि आत बारीक बारीक भोकंच भोकं, तर ते चाखायचं पण नाही, सरळ टाकायचं. तो घाणीतल्या जंतूंचा गॅस असतो. भांडी, फडकं, हात, सगळं उकळत्या पाण्यातून काढलं की हे सहसा होत नाही.

रामबागची_सून, इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. वाडीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी सुरती केलं, मग काल 8 लीटर अर्धं-अर्धं घेऊन पुन्हा बसले. 63 वर अर्धा तास, उकळून गार केलेलं पाणी, आणि 35 मिनिटांतच सुरी घातली तर अशी चीर पडली, खाली स्वच्छ हिरवट निवळ, मी सासऱ्यांना हाताला धरून ओट्याजवळ आणून दाखवलं. रात्रभर दाबलं, आधी पाटा मग पाट्यावर वरवंटा, चार वेळा उलटून. सकाळी वजन 920 ग्रॅम. आता मिठाच्या पाण्यात आहे, लीटरला 200 ग्रॅम मीठ. किती वेळ ठेवू?

दूधवाला_ग्वाल्हेर

किलोला 8 तास धरा, तुमचं साधारण साडेसात. मध्ये एकदा उलटा, वर तरंगतो त्या भागावर चिमूटभर मीठ. त्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर आणि थोडं कॅल्शियम क्लोराईड घातलंय ना? नसेल तर आत्ता घाला, नाहीतर साल बुळबुळीत होते. मग तीन दिवस जाळीखाली वाळू द्या आणि साल कोरडी लागली की डब्यात.

रामबागची_सून, इंदूर

व्हिनेगर नव्हतं, आत्ता दोन्ही घातलं. साडेसहाला बाहेर काढते. पाणी घालायच्या आधी काढलेली निवळ होती, तिच्यात कणीक भिजवली, पोळ्या इतक्या मऊ झाल्या की सासरे म्हणाले चीज होईल तेव्हा होईल, ही निवळ दर आठवड्याला काढ.