मॅक्स लोडपासून सुरुवात करू नका

घरी रायफलची काडतुसं भरण्याबद्दल वर एकांनी लिहिलंय की मोठ्या जनावराच्या शिकारीला गोळीचा वेग हवा म्हणून ते मॅन्युअलमधल्या मॅक्स लोडपासूनच (पावडरचं दिलेलं सर्वात जास्त प्रमाण) सुरुवात करतात, तर कृपया असं करू नका. तो आकडा त्यांच्या टेस्ट बॅरलचा असतो, तुमचं चेंबर (बॅरलमधली काडतूस बसायची जागा), केस (काडतुसाचं पितळी कवच), प्रायमर (केसच्या बुडातली पावडर पेटवणारी टोपी) सगळं वेगळं. साधारण 10 टक्के खालून सुरू करा आणि मोठ्या केसमध्ये अर्धा-अर्धा ग्रेन (पावडरच्या वजनाचं छोटं माप) वाढवत जा, केस किंवा प्रायमर बदललात तरी परत खालून. प्रेशर जास्त झालंय का हे कळायला फक्त प्रायमर चपटा झाला का एवढंच बघू नका, त्यावर भरवसा नाही. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उचलताना हात जड झाला किंवा केसच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणारा भाग) चकचकीत गोल ठसा दिसला की तिथेच थांबायचं, पुढची गोळी झाडायचीच नाही, राहिलेल्या घरी नेऊन सुट्या करायच्या (बुलेट उपसून पावडर काढून घ्यायची). मी टेबलावर पावडरचा एकच डबा ठेवतो आणि बुलेट बसवायच्या आधी टॉर्च मारून प्रत्येक केसमधली पातळी बघतो, कंटाळा आला तरी. उन्हात तापलेल्या काडतुसांचं प्रेशरही वाढतं हो, म्हणून ती सावलीत ठेवा. आणि ग्रुप (लक्ष्यावर गोळ्या किती जवळजवळ लागतात) कितीही छान येऊ दे, शिकारीत थंड बॅरलची पहिली गोळी कुठे लागते तेच महत्त्वाचं, ते वेगवेगळ्या दिवशी तपासा.