येऊरच्या पायथ्याशी भाड्याने घर घ्यावं का? (आईला दमा आहे)

लालबागचा_भाडेकरू:
नमस्कार मंडळी. आमची चाळ पाडतायत, तीन वर्षं तरी बाहेर काढायची आहेत. मी आणि आई (वय ७२, दमा). ऑफिस फोर्टला. ठाण्यात उपवन तलावाजवळ, डोंगराला पाठ लावून असलेल्या सोसायटीत वन बीएचके पाहिला. दुसरा मजला, बेडरूमची खिडकी थेट झाडीत. आई खिडकीपासून हलेचना. एजंट म्हणतो, बिबट्या वगैरे सगळ्या अफवा. खरंच?

उपवनची_मावशी:
एजंट स्वतः कुठे राहतो ते विचारलंत का?

अफवा कसल्या! येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. सगळं मिळून १०० चौ. किमीच्या वर जंगल आहे, बिबटे असणारच. मी इथे १९ वर्षं राहतेय. मला तो एकदाच दिसला, तोही वॉचमनच्या केबिनमधल्या सीसीटीव्हीवर. आमचे ओल्या कचऱ्याचे डबे तेव्हा मागच्या भिंतीला होते. डबे तिथे म्हणून कुत्री तिथे, कुत्री तिथे म्हणून तो तिथे. डबे पुढच्या गेटशी आणले, झाकणं लावली, त्यानंतर तो कॅमेऱ्यात आलेला नाही. तेव्हा घर बघायला जाल तर हॉल-किचन नंतर, आधी सोसायटीची मागची भिंत बघा. आणि वनखात्याचा १९२६ हा नंबर फोनमध्ये ठेवा.

खरा त्रास माकडांचा. दुसरा मजला म्हणजे त्यांचा हमरस्ता. स्वयंपाकघराला जाळी नसेल तर मालकाकडून आधी बसवून घ्या, मग डिपॉझिट द्या. गेल्या वर्षी एकाने माझा कपडे धुण्याच्या पावडरचा पुडा उचलला, एसीच्या युनिटवर बसून फोडला, चाखला, तोंड वाकडं केलं आणि उरलेला खाली सेक्रेटरींच्या गाडीवर सोडून दिला. गाडी धुवायला आयतंच झालं, पण सेक्रेटरी आजही मलाच बोल लावतात.

आता आईंचं. दादा, ती खिडकी मलाही आवडली असती, पण दम्याला ती नको. जून ते सप्टेंबर डोंगराकडच्या भिंतीला ओल येते. कपाटामागे बुरशी, चपला हिरव्या, पापड मऊ. माझ्या सासूबाईंचा पंप पावसाळ्यात उशाशीच असायचा. शेवटी त्यांची खोली रस्त्याच्या बाजूला केली तेव्हा रात्री जरा नीट जायला लागल्या. त्याच सोसायटीत पुढच्या विंगमध्ये बघा, वरचा मजला, पश्चिमेचं ऊन येणारा. व्ह्यू नाही म्हणून भाडंही थोडं कमी पडेल.

झाडी काय, खाली उतरलं की आहेच. पावसाळ्यात पहाटे शीळकरी कस्तुर गातो, अगदी एखादा रिकामटेकडा पोरगा शीळ घालत चाललाय असं वाटतं. पाड्यावरच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. शेवळं घेतलीत तर सोबत काकडं मागून घ्या, नाहीतर घसा खाजून आठवण राहील.

घोडबंदर_पीडित:
मावशींना +१. प्रवासाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ठाण्याहून दादर फास्ट लोकलने अर्ध्या तासाचं काम, पण उपवन ते स्टेशन संध्याकाळी कधी कधी तेवढाच वेळ खातं. बसचा स्टॉप किती पावलांवर आहे ते मोजा. आणि मेट्रो ४ च्या नावाखाली एजंट भाडं वाढवून मागेल, भुलू नका. माझ्यासारखं मानपाड्याच्या पुढे तर जाऊच नका.

पाटोणापाड्याचा_शेजारी:
शनिवारी रात्री ११ ला एकदा येऊन उभे राहा. वर बंगल्यांमधून लग्नाचा डीजे चालू असेल तर खाली ऐकू येतो. उद्यानाभोवतीचा पट्टा २०१६ सालीच इको-सेन्सिटिव्ह म्हणून जाहीर झालाय, पण ते स्पीकरला कोण सांगणार.

लालबागचा_भाडेकरू:
आभार सगळ्यांचे. काल शनिवारी रात्री जाऊन आलो. डीजे नव्हता. मागची भिंत टॉर्च मारून पाहिली: डबे तीन, झाकण एकालाच, आणि आठ कुत्री माझ्याकडे बघतायत. पुढच्या विंगमध्ये सहाव्या मजल्यावर एक घर रिकामं आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. मावशी, काकडं म्हणजे काकडी नव्हे ना?

उपवनची_मावशी:
नव्हे हो! छोटी हिरवी आंबट फळं असतात. शेवळंवालीकडेच मिळतील. आईंना विचारा, त्यांना माहीत असणार.